त्रेपन्न मिनिटं, दोन सेकंद

सडेवाडीच्या सड्यावर, गावावरच्या त्या उघड्या पठारावर, डिसेंबरात सकाळी सात वाजता फारसं काही दिसत नाही. डांबरी रस्ता, दोन्ही अंगाला पिवळं पडलेलं गवत, आणि धुक्यात बुडालेल्या पवनचक्क्यांचे नुसते बुंधे. पाती वर कुठेतरी फिरत असतात, त्यांचा आवाज तेवढा खाली येतो. सड्याच्या पश्चिमेला कडा आहे, कड्याखाली कोयनेचं पाणी. पण ते नऊ वाजल्याशिवाय उघडं पडत नाही.

शिवांजलीचं काम वाऱ्याचं होतं. कऱ्हाडला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर तिला गावाजवळच, पवनचक्क्यांच्या कंपनीत नोकरी लागली. सड्याच्या मध्यावर साठ मीटर उंचीचा एक खांब आहे. त्यावरच्या वाट्यांच्या फिरक्या दर दहा मिनिटांनी वाऱ्याचा वेग नोंदवतात. रोज सकाळी स्कूटी घेऊन वर यायचं, खांबाला धरून ठेवणाऱ्या तारांचे ताण बघायचे, पेटीतले आकडे लॅपटॉपवर उतरवायचे आणि कुठला आकडा खोटा वाटतो ते शोधायचं. खोटा आकडा ओळखण्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं.

त्या मंगळवारी बिरदेवची मेंढरं रस्त्यातच बसली होती. तिनं हॉर्न दिला.

“म्याडम, घावला का वारा?” बिरदेव घोंगडीतून म्हणाला. सत्तरीचा हा मेंढपाळ रोज हाच विनोद करायचा.

“घावतोय की. मेंढरं घ्या बाजूला.”

“घेतो वो. पन तुमच्या त्या फळीवाल्यास्नी सांगा, गळ्यात घंटी तरी बांधा म्हनावं. चार दिस झालं, जनावरं बुजाय लागल्यात.”

“कोण फळीवाले?”

“आता कोन म्हंजे! पायाला फळ्या, फळ्यांना चाकं, हातात दोन काठ्या. येवढा खटाटोप करन्यापरास सायकल घ्यावी गड्यानं.” तो स्वतःच हसला आणि मग मध्येच थांबला. त्यालाही आठवलं असावं.

“बाबा, फेब्रुवारीपासून इथं कुणीच येत नाही तसं.”

“व्हय की.” बिरदेवनं काठीनं एका मेंढीला ढोसलं. “मग ऐकू काय येतंय?”

*

पायाला चाकाच्या फळ्या बांधून सड्यावर फिरणारा एकच होता. साईराज.

बर्फावरून लांबच लांब पल्ला कापायचं जे स्कीइंग असतं, त्याचा सराव बर्फ नसलेल्या ठिकाणी असा करतात. फळ्या आखूड, पुढेमागे एकेक चाक, टाच मोकळी, आणि काठ्यांच्या टोकाला पोलादी अणी. साईराजचे वडील कृष्णात फौजेत असताना बर्फातल्या चौक्यांवर राहिले होते, त्यांच्या तोंडून त्यानं हे लहानपणी ऐकलं. पुढं सैन्यभरतीत छाती दोन सेंटिमीटर कमी भरली म्हणून तो तीनदा परत आला. मग कुणीतरी सांगितलं, हिवाळी खेळात राष्ट्रीय पदक असेल तर खेळाडूंच्या जागेवर घेतात. उसाच्या फडाशेजारी वाढलेला मुलगा, पंचविशीपर्यंत बर्फाला हात न लावलेला, पण सड्याच्या पाच किलोमीटरच्या वळशावर रोज तीन फेऱ्या मारायला लागला. फेऱ्या मोजायला शिवांजली.

मोजण्याचं काम सडेवाडीत मोठ्या मानाचं आहे. भरतीची तयारी करणारी पोरं पिढ्यान्‌पिढ्या या सड्यावर पळत आली. प्रत्येक पळणाऱ्याचा एक मोजणारा असतो. तो ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर वही घेऊन बसतो. आणि गावाचा एक नेम आहे: शेवटच्या फेरीला मोजणाऱ्यानं पाठ फिरवायची. आपल्या माणसानं शेवटची फेरी डोळ्यांनी बघितली तर पळणाऱ्याचा दम तुटतो म्हणे. मागून पावलं गेलेली ऐकायची आणि वहीत खूण करायची. शिवांजली या नेमाला हसायची. हसायची आणि पाठ फिरवायची.

फेब्रुवारीत लाहौलमधल्या एका पठारावर स्पर्धा होती. पंधरा किलोमीटर, तीन फेऱ्या. संघाबरोबर आकडे जाणणारं एक माणूस हवं होतं म्हणून शिवांजली गेली. शेवटच्या वळणापुढच्या तंबूत बसून, समोरून जाणाऱ्या प्रत्येकाचा क्रमांक आणि वेळ तक्त्यात भरायची, एवढंच तिचं काम. साईराजचा क्रमांक सतरा. पहिल्या फेरीला तो सतरा मिनिटं बारा सेकंदांनी समोरून गेला, दुसऱ्या फेरीला चौतीस मिनिटं बावन्न सेकंदांनी.

तिसऱ्या फेरीला बर्फ भुरभुरायला लागला. हवा पांढरी झाली. शिवांजलीनं पाठ फिरवली, आधी सवयीनं आणि मग तोंडावर वारा येत होता म्हणून. मग ती तंबूच्या आत गेली. थर्मासमध्ये चहा होता. चार जण यायचे राहिले होते. पहिल्या फेरीपेक्षा दुसरीला अठ्ठावीस सेकंद जास्त लागले होते. म्हणजे तिसरीला अठरा मिनिटं आठ सेकंद लागतील. एकूण बरोबर त्रेपन्न मिनिटं. गोल आकडा बनावट दिसतो, म्हणून तिनं दोन सेकंद वाढवले आणि खूण केली. बाकी तिघांच्या वेळाही तिनं अशाच घातल्या.

ते तिघं पोचले. साईराज पोचला नाही.

तक्त्यात खूण होती, म्हणजे तो तंबू ओलांडून गेला होता. म्हणून सगळ्यांनी तंबूच्या पुढची बाजू शोधली, पुढचा उतार, त्याखालचं रान. अंधार पडला तसा शोध थांबला. पहिल्या तासात ती बोलली असती तर ती चूक ठरली असती. चौथ्या तासाला तो गुन्हा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला, तंबूच्या अलीकडे, चारशे मीटरवर, वळणाखालच्या घळीत. घोटा मोडला होता. पडल्यावर पाच-सहा तास जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले. तंबू ओलांडल्यावर वाट चुकून तो उलटा फिरला असेल, असं बाकीच्यांनी ठरवलं. शिवांजलीनं मान हलवली.

दहाव्याच्या दिवशी साईराजच्या आईनं, मनुबाईनं, तिचे दोन्ही हात धरले. “तूच शेवटचं बगितलंस न्हवं गं त्येला? कसा व्हता?”

“निळी टोपी होती, काकी. खांद्यावर बर्फ होता. माझ्याकडं बघून हात वर केला आणि गेला.”

“काय म्हनाला?”

“काही नाही. घाईत होता.”

*

बुधवारी शिवांजली पावणेसातला मोरीवर गेली. बिरदेवचं ऐकून नव्हे, असं तिनं स्वतःला बजावलं; धुक्यात आवाज लांबून येतात आणि फसवतात. खालच्या घाटातली एखादी गाडी असेल, किंवा कोयनेचा बारीकसा धक्का. तसल्या धक्क्याला इकडची माणसं ताटावरून उठतसुद्धा नाहीत.

आवाज आला तो रस्त्यावरूनच आला. टक्, आणि मग चाकांची घरघर. टक्, घरघर. दोन काठ्या एकदम टेकायच्या, पण उजवी जरा मागाहून, त्यामुळे प्रत्येक टक्‌ला एक बारीक सावली असायची. हा दोष काढायला ती वर्षभर साईराजच्या मागे लागली होती.

आवाज मोरीसमोरून गेला. तिला कुणी दिसलं नाही. धुकं होतं, पण दहा फुटांवरचा माणूस दिसू नये इतकं नव्हतं.

तिनं मोबाइल बघितला. सात वाजून सतरा मिनिटं बारा सेकंद.

ती तिथंच उभी राहिली. सात चौतीस बावन्नला आवाज दुसऱ्यांदा गेला.

मग तिनं कठड्यावर हात टेकला, श्वास मोजले आणि वाट बघितली. सात त्रेपन्न झाले. दोन सेकंद वर झाले. आठ वाजले. वर पाती फिरत होती. तिसऱ्यांदा काही आलं नाही.

धुकं जरा विरळल्यावर तिला खुणा दिसल्या. थंडीत डांबरावर दहिवर पडतं, रस्ता दुधासारखा धुरकट होतो. त्यावर चाकांच्या काळ्या ओल्या रेषा उमटल्या होत्या आणि बाजूला अण्यांचे ठिपके. स्कूटीच्या डिकीतून टेप काढून तिनं मोजलं. दोन ठिपक्यांमध्ये तीन मीटर चाळीस सेंटिमीटर. तिच्या जुन्या वहीत साईराजचा आकडा हाच होता. मोरीच्या पुढं रेषांच्या दोन जोड्या गेल्या होत्या. मोरीच्या अलीकडे ती मागं चालत गेली तर तिथंही दोनच. पण चारशे मीटरवरच्या वळणापाशी तीन होत्या. तिसरी जोडी वळणावर रस्ता सोडून गवतात उतरली होती आणि गवत संपतं तिथं, ओघळीच्या काठावर, थांबली होती.

शिवांजली शिकलेली मुलगी. खुणा दिसल्या तर आधी फोटो काढायचा, हे तिला ठाऊक होतं. तिनं गळ्यातली ओढणी काढली आणि वळणावर गुडघे टेकून ती तिसरी जोडी पुसून टाकली.

गुरुवारी खुणा पुन्हा तशाच होत्या. तिनं पुन्हा पुसल्या. शुक्रवारीही.

*

शनिवारी मनुबाईचा निरोप आला, सकाळी आठच्या आत घरी येऊन जा म्हणून.

मनुबाईचं घर सड्याच्या उताराला, गावाच्या वरच्या अंगाला होतं. कृष्णातकाका पुण्याला एका सोसायटीत सिक्युरिटीला, दिवाळी-गणपतीला येणारे. घरात मनुबाई एकटी. शिवांजली गेली तेव्हा अंगणात सडा टाकलेला होता, चुलीवर पाणी तापत होतं. मनुबाई नेहमीपेक्षा नीट दिसत होती. केस विंचरलेले, बरं लुगडं.

“बस. च्या घे. किती वाळलीस गं! आई जेवायला घालती का न्हाई?”

“घालते की काकी. काय काम होतं?”

“सांगते. येळ व्हऊ दे.” मनुबाईनं कपात चहा ओतला. मग पदरानं हात पुसत, लग्नाची बातमी सांगावी तशा आवाजात ती म्हणाली, “साईराज येतोय.”

चहानं शिवांजलीची जीभ भाजली.

“येडी झाली म्हनशील. म्हन. म्हैना झाला. रोज आठाला सात-आठ मिंटं कमी असताना येतो. आवाज न्हाई, काय न्हाई. मी हितं असती, वर बगितलं की त्यो तितं उबा.” तिनं अंगणाच्या टोकाला असलेल्या शेवग्याकडे बोट केलं. “निळी टोपी. खांद्यावर बरफ. हात वर. तू सांगितलंस अगदी तसा.”

शेवग्याखाली दोन कोंबड्या माती उकरत होत्या.

“काय बोलतो?”

“न्हाई बोलत. घाईत असतो न्हवं.” मनुबाई हसली आणि तिचा आवाज उतरला. “पन पोरी, त्येला तोंड न्हाई.”

“म्हणजे?”

“टोपी दिसती, खांदं दिसत्यात, हात दिसतो. टोपीखाली बगाय गेलं की काय न्हाईच. कवाकवा वाटतं, तू सांगितलंस तेवढाच आलाय. बाकीचा राहिलाय कुटंतरी.” तिनं पाट शिवांजलीच्या जवळ सरकवला. “म्हनून तुला बोलावलं. नीट आठव. हसत व्हता का? दमला व्हता का? दाढी केली व्हती का? तू सांग, म्हंजे मला दिसंल.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. शिवांजलीच्या मनगटावरच्या घड्याळात सात बावन्न झाले होते. शेवग्याकडे तिची पाठ होती. ती वळली नाही.

कोंबड्या एकाएकी गप्प झाल्या. मग पाय न वाजवता दोन्ही बाजूंना सरकल्या, माणूस आला की वाट सोडतात तशा.

मनुबाई तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. “आला बग,” ती हळूच म्हणाली. “कंचा हात गं वर केला व्हता त्येनं?”

“उजवा,” शिवांजलीच्या तोंडून गेलं.

मनुबाईचे डोळे बारीक झाले, मग मोठे. “व्हय,” ती म्हणाली. “आता उजवा दिसला.”

शिवांजलीच्या मानेवर गार वारा आला. सकाळ थंड होती, पण हा वारा वेगळा होता. त्याला कसलाच वास नव्हता, गवताचा, शेणाचा, धुराचा, कसलाच. असा वारा तिनं एकाच ठिकाणी अनुभवला होता.

“आनि तोंड?” मनुबाईनं तिचा गुडघा धरला. “सांग की गं. हसत व्हता न्हवं?”

एक शब्द पुरे होता. हो म्हटलं असतं तर त्या बाईला रोज सकाळी हसरा मुलगा दिसला असता, मरेपर्यंत. शिवांजलीनं तोंड उघडलं. तिला दिसला तो टोपीखालचा रिकामा भाग, आणि त्यात तिनं हातानं काढलेलं हसू, बेरीज करून काढलेल्या त्या आकड्यासारखं.

“काकी, उद्या सकाळी मोरीवर या,” ती म्हणाली. “सातच्या आधी. तिथं सांगते.”

*

रविवारी मनुबाई शाल घेऊन आली आणि कठड्यावर बसली.

सात सतरा बाराला आवाज समोरून गेला. दहिवरावर दोन काळ्या रेषा ओढल्या गेल्या, कुणी अदृश्य हातानं पट्टी धरून ओढाव्यात तशा. मनुबाईनं मान वळवून त्या जाताना बघितल्या. ती घाबरली नाही.

“ह्यो येगळा हाय,” ती म्हणाली. “घरी येतो त्येला आवाज न्हाई.”

सात चौतीस बावन्नला आवाज पुन्हा गेला. त्यानंतर शिवांजलीनं सांगायला सुरुवात केली. मनुबाईकडे न बघता, ओळीनं, प्रयोगाच्या वहीत लिहितात तसं. तंबू. बर्फ. पाठ फिरवली. आत गेले. चहा घेतला. आकडा काढला. दोन सेकंद वाढवले. खूण केली.

“म्हंजे तू त्येला बगितलंच न्हाईस.”

“तिसऱ्या फेरीला नाही.”

“टोपी? हात?”

“टोपी दुसऱ्या फेरीची. हात मी मनानं सांगितला.”

“मग तवा त्यो कुटं व्हता?”

शिवांजलीनं वळणाकडे बोट केलं. “इतक्याच अंतरावर. अलीकडं. आणि मी खूण केली म्हणून सगळे पलीकडं शोधत राहिले.”

मनुबाई त्या वळणाकडे बघत राहिली. सात त्रेपन्न झाले, दोन सेकंद वर झाले. रस्त्यावर काही आलं नाही. खाली घरच्या अंगणातही आज काही आलं नसणार, हे दोघींना न बोलता समजलं.

शिवांजली थोबाडीत बसायची वाट बघत होती. शिव्यांची वाट बघत होती. मनुबाईनं फक्त शाल सारखी केली.

“काकी, चला घरी. मी सगळ्यांना सांगते. काकांना फोन करते. लेखी देते.”

“दे की. कोन न्हाई म्हनतंय? पन आता कुटं जाऊ? त्यो अजून अलीकडंच हाय म्हनतीस न्हवं?”

ती उठली नाही. शिवांजलीही बसून राहिली.

नऊ वाजता धुकं उठलं. खाली कोयनेचं पाणी दिसलं, निळं आणि निवांत. दहिवर सुकलं, रेषा पुसल्या गेल्या. अकराच्या सुमाराला बिरदेव मेंढरं घेऊन आला, दोघींना बघून काही न विचारता रस्ता सोडून लांबून गेला. ऊन चढलं. पात्यांच्या सावल्या रस्त्यावरून एकामागून एक जात होत्या.

पाऊण वाजता मनुबाईनं मान वर केली.

आवाज वळणाकडून आला. भर उन्हात, कोरड्या रस्त्यावर.

टक्.

खूप वेळानं पुन्हा, टक्.

एकच काठी होती. चाकांची घरघर नव्हती. काहीतरी ओढत आणल्याचा आवाज होता.

शिवांजलीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. रस्ता वळणापर्यंत लख्ख मोकळा होता.

टक्.

मनुबाई उठली. चपला कठड्यापाशीच राहिल्या. ती वळणाकडे चालू लागली, मग भराभर, मग पळतच. साठीची बाई अनवाणी पळत होती. वळणाच्या अलीकडे ती थांबली, खाली वाकली, आणि शाल उलगडून कशाच्या तरी भोवती गुंडाळली.

शाल खाली पडली नाही.

मग ती परत निघाली. फार हळू. तिचा डावा हात हवेत कुणाच्या तरी कमरेला होता, आणि त्या बाजूचा खांदा खाली दबला होता. दर चार पावलांनी ती थांबत होती, दम घेऊ देत होती. शिवांजलीनं पाठ फिरवली नाही.

ती मोरीपर्यंत आली तेव्हा तिच्या डाव्या खांद्यावरचं लुगडं भिजलं होतं, आणि मागं सबंध रस्त्यावर पाण्याचे थेंब पडले होते. उन्हात ते लगेच सुकत होते.

मनुबाई शिवांजलीसमोर थांबली. तिनं डावीकडे मान कलती केली. ऐकलं.

“तीन हाका मारल्या म्हनतोय,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, फक्त निरोप होता. “तिसऱ्या हाकंला तू तंबूतनं ‘आले, थांब’ म्हनालीस.”

हे शिवांजलीनं कुणालाही सांगितलं नव्हतं. चौकशीत नाही, आज सकाळी नाही. वाऱ्याचा भास असेल म्हणून तिनं कप खालीसुद्धा ठेवला नव्हता.

“म्हनून थांबला,” मनुबाई म्हणाली. मग तिनं कमरेवरचा हात जरा वर सरकवून घेतला. “चल, त्या बाजूनं धर. मला एकटीला उंबरा चढवाय जमायचा न्हाई ह्यो.”

शिवांजली उठली. दुसऱ्या बाजूला गेली आणि अंदाजानं खांदा खाली केला.

वजन आलं.